व्हॅनचं इंजिन पुन्हा पुन्हा का बसतं?

सोलापुरात व्हॅन चालवून पोट भरणाऱ्या माणसाशी दहा मिनिटं बोला, इंजिनाचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. ‘मागच्या दिवाळीत हेडचं काम केलं, चार महिने बरी चालली, आता परत पाणी खातेय.’ ‘हाफ इंजिन केलं तरी ऑइल पितेय.’ ‘मिस्त्री म्हणतो, आता पूर्ण उतरवावं लागेल.’ कोणी शाळेची पोरं ने-आण करतो, कोणी भाविकांना अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर, पंढरपूर फिरवून आणतो, कोणी मागची सीट काढून माल टाकतो. गाडी गॅरेजला लागली की दिवसाची कमाई थांबते, पतसंस्थेचा हप्ता मात्र थांबत नाही. शाळेचे पालक दोन दिवस समजून घेतात, तिसऱ्या दिवशी दुसरी व्हॅन बघतात. त्यामुळे गाडी लवकर सुरू करून दे, एवढंच मालकाचं मिस्त्रीकडे मागणं असतं, आणि पुढच्या बिलाची सुरुवात तिथेच होते.

अशा गाड्यांची कहाणी नीट ऐकली की बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते. इंजिन चार वेळा बिघडलेलं नसतं. बिघाड एकच असतो, तो तसाच राहतो आणि त्याने केलेलं नुकसान चार वेळा दुरुस्त होतं. गॅसकेट जळालं म्हणून गॅसकेट बदललं, पण ते का जळालं हे कोणी पाहिलं नाही, तर नवं गॅसकेटही त्याच वाटेने जाणार.

आधी गाडीची रचना पाहू. मारुतीची व्हॅन 1984 साली रस्त्यावर आली आणि पुढे ओम्नी या नावाने घराघरात पोचली. तीन सिलिंडरचं 796 सीसीचं इंजिन, तेही पुढच्या सीटखाली. 2019 मध्ये ओम्नी बंद झाली, पण 2010 साली आलेली इको त्याच बांधणीची आहे: इंजिन सीटखाली, ताकद मागच्या चाकांना. लहान लांबीत जास्त माणसं बसावीत म्हणून ही युक्ती चांगली. तिची किंमतही आहे. बॉनेट उघडून इंजिन बघायची सोय या गाडीत नाही. ऑइलची पट्टी बघायची तर सीट उचलावी लागते, सीटवर गादी, गादीवर टॉवेल, खाली पोराचं दप्तर. मग रोज कोण बघणार? इंजिन सगळ्या बाजूंनी झाकलेलं असल्याने उष्णता कोंडून राहते, आणि ड्रायव्हरला सीट भाजायला लागते तेव्हा तो ‘उन्हाळा आहे’ म्हणून सोडून देतो. टाटा मॅजिकसारख्या दोन सिलिंडरच्या डिझेल गाड्यांची बांधणी वेगळी, पण भरलेल्या गाडीला लहान इंजिनाने ओढायचं हा ताण तिथेही तोच.

त्यात सोलापूरचं हवामान. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 अंशांवर जातो. पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते तिचा साधारण चौथा हिस्सा, फार तर तिसरा, चाकांपर्यंत पोचतो. बाकीची उष्णताच असते. काही सायलेन्सरमधून जाते, काही रेडिएटरने बाहेर टाकायची असते. रेडिएटर ही उष्णता हवेला देतो, आणि हवाच 43 अंशांची असेल तर तिला घेता येणारी उष्णता कमी होते. गाडी धावत असताना समोरून वारा लागतो म्हणून निभावतं. सकाळची शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर एसी लावून गाडी चालू ठेवली, की सगळी भिस्त एका छोट्या विजेच्या पंख्यावर येते. तो पंखा बंद पडला असेल, त्याचा स्विच गेला असेल किंवा जाळीत धूळ-किडे अडकले असतील, तर पाणी उकळायला फार वेळ लागत नाही. तुळजापूरचा घाट चढताना उलटं होतं. पंखा चालू असतो, पण भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाचे फेरे जास्त आणि वेग कमी. म्हणून शहरात कधी गरम न होणारी गाडीही घाटात दगा देते.

आता पाण्याकडे येऊ. माझ्या मते सोलापूरच्या व्हॅनचं सर्वांत मोठं दुखणं हेच आहे. इथे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून वापरायला बोअरचं पाणी. ते काळ्या पाषाणातून झिरपून आलेलं, क्षारांनी जड झालेलं. याच पाण्याने बादलीला पांढरा थर बसतो, गिझरची कॉइल जाते. तेच पाणी बाटलीत भरून रेडिएटरमध्ये ओतलं जातं. पाणी तापलं की क्षार धातूवर चिकटतात. हा थर ॲल्युमिनियमच्या मानाने उष्णता शंभरपट कमी वाहून नेतो, त्यामुळे कागदाएवढा पातळ असला तरी बाधतो. रेडिएटरच्या बारीक नळ्या आतून अरुंद होतात, ओम्नीच्या बिडाच्या ब्लॉकला गंज चढतो, तांबडं पाणी फिरू लागतं आणि वॉटर पंपाचं सील खराब होतं.

कूलंट हा काही रंगीत पाण्याचा प्रकार नव्हे. त्यात ग्लायकोल असतं, त्याने उत्कलनबिंदू वाढतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गंज आणि थर रोखणारी रसायनं असतात. ती दोन-चार वर्षांत संपतात, मग रंग हिरवागार दिसला तरी उपयोग नसतो. रेडिएटरचं झाकणही असंच दुर्लक्षित. ते पाण्यावर दाब धरून ठेवतं, आणि त्या दाबामुळे साधं पाणीसुद्धा 100 ऐवजी 115-120 अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर किंवा स्प्रिंग गेली की हा फायदा गेला. पाणी उकळून बाटलीत चढतं, बाहेर सांडतं. मालक रोज सकाळी अर्धा लिटर पाणी घालतो आणि ‘गाडी पाणी खाते’ म्हणतो. हजारोंच्या हेडच्या कामामागे शेकड्यात मिळणारं झाकण निघालं, असं कितीतरी वेळा होतं.

याहून घातक सवय म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकणं. ‘आपल्याकडे गरमीच एवढी, हे कशाला हवं?’ असं म्हणत बऱ्याच गॅरेजमध्ये तो काढतात आणि तोंड तसंच बंद करतात. थर्मोस्टॅट हा मेणाच्या गोळीवर चालणारा दरवाजा आहे. साधारण 80-90 अंशांच्या दरम्यान मेण वितळतं, दरवाजा उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे जातं. तोवर ते इंजिनातच फिरतं, म्हणजे इंजिन लवकर योग्य तापमानाला येतं. थर्मोस्टॅट काढला की शाळेच्या छोट्या फेऱ्यांत इंजिन थंडच राहतं, जास्त पेट्रोल पितं, न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. शिवाय बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना आतली आडवाट बंद करतो. तो नसला की ती आडवाट कायम उघडी राहते, काही पाणी रेडिएटरला न जाताच फिरत राहतं, आणि घाटात गाडी उलट जास्त तापते. बिघडलेला थर्मोस्टॅट बदलावा. काढून फेकू नये.

तापमानाच्या काट्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणीच निघून गेलं तर तो वाफेत किंवा कोरडा राहतो, आणि इंजिन जळत असताना काटा खाली दिसू शकतो. कित्येक नव्या छोट्या गाड्यांत काटाच नाही, फक्त लाल दिवा आहे. तो लागला की ‘चौकापर्यंत नेऊ’ हा विचार महाग पडतो. लगेच बाजूला घ्यावं, इंजिन बंद करावं, झाकणाला हात लावू नये. अर्धा-पाऊण तास निवल्याखेरीज थंड पाणी तर अजिबात ओतू नये. तापलेल्या धातूवर गार पाणी पडलं की हेडला तडा जातो.

हेडचं काम म्हणजे नक्की काय, हे प्रत्येक मालकाने एकदा गॅरेजमध्ये उभं राहून पाहावं. खाली ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड, मधे पातळ गॅसकेट. गॅसकेटच्या एका भोकात पेट्रोल जळतं, तिथल्या ज्वाळेचं तापमान 2000 अंशांच्या वर जातं. बोटभर अंतरावर दुसऱ्या भोकातून पाणी जातं, शेजारून ऑइल. एवढ्या जवळ राहून तिघांनी एकमेकांत मिसळायचं नाही. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. इंजिन हद्दीबाहेर तापलं की बोल्टांनी आवळलेलं हेड फुगायला जागा शोधतं आणि वाकतं. किती? छोट्या इंजिनांत हेडचा सपाटपणा साधारण 0.05 मिलिमीटरच्या आत असावा लागतो, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीहूनही कमी. उघडलेलं गॅसकेट हातात घेतलं तर दोन सिलिंडरच्या मधली पट्टी काळी पडून तुटलेली दिसते, किंवा पाण्याच्या भोकापासून सिलिंडरकडे गेलेली काळसर वाट दिसते. ही वाट म्हणजे सगळ्या बिघाडाचा पुरावा. ती मिस्त्रीने दाखवली नाही तर मागून घ्यावी.

पुढचं काम लेथवाल्याकडे. तो हेडचं फेसिंग करून पृष्ठभाग सपाट करतो. प्रत्येक वेळी हेड थोडं पातळ होतं, आतली जागा कमी होते, दाब वाढतो, इंजिन ठोकायला लागतं. म्हणून फेसिंगला मर्यादा असते आणि तीन-चार वेळा फेसिंग झालेलं हेड बदलावंच लागतं. मग हेड बसवताना बोल्ट ठरावीक क्रमाने, ठरावीक जोराने, टप्प्याटप्प्याने आवळायचे असतात. त्यासाठी टॉर्क पाना लागतो. साध्या पान्याला पाइप लावून ‘हाताचा अंदाज’ वापरला, तर एक बोल्ट जास्त ताणला जातो, दुसरा सैल राहतो, आणि नवं गॅसकेट काही महिन्यांत पुन्हा फुटतं. मिस्त्रीचा हात कितीही सराईत असो, केसाहून बारीक मापाचं काम अंदाजाने होत नाही. नव्या इंजिनांचे काही बोल्ट तर एकदा ताणले की परत वापरायचेच नसतात.

एवढं सगळं चोख केलं आणि रेडिएटरमध्ये तोच क्षारांचा थर राहिला, तर खर्च पाण्यात गेला. हेडचं काम करताना रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट, झाकण आणि पंख्याचा स्विच तपासल्याशिवाय ते काम पूर्ण झालं असं मानूच नये.

दुसरं दुखणं ऑइलचं. व्हॅनच्या इंजिनात जेमतेम तीन-साडेतीन लिटर ऑइल मावतं. दोन बदलांच्या मध्ये एक लिटर जळून गेलं, तर जवळपास तिसरा हिस्सा गेला, आणि उरलेल्यावर पूर्ण इंजिनाचा भार. शाळेच्या व्हॅनचे किलोमीटर कमी असतात, म्हणून मालक ऑइल बदलायला उशीर करतो. पण फाटकाबाहेर उभ्या गाडीचे तास किलोमीटरच्या आकड्यात मोजले जात नाहीत. इंजिन चालूच असतं, ऑइल भाजतच असतं. गाडीबरोबर येणाऱ्या पुस्तकात धूळ, छोट्या फेऱ्या आणि जास्त वेळ उभी चालू गाडी अशा खडतर वापरासाठी ऑइलबदलाचं वेगळं, लवकरचं वेळापत्रक असतं. सोलापूरची जवळपास प्रत्येक धंद्याची व्हॅन त्याच वर्गात मोडते.

जुनं ऑइल घट्ट होऊन काळा गाळ होतो आणि ऑइल पंपाच्या जाळीवर बसतो. इंजिनाच्या अगदी वरच्या भागात, जिथे कॅमशाफ्ट फिरतो, तिथे ऑइल शेवटी पोचतं, म्हणून तुटवड्याची पहिली झळही तिथेच लागते. सकाळी गाडी सुरू केल्यावर वरून येणारा ‘टिक टिक’ आवाज त्याचाच. कॅमशाफ्टची गोष्ट सोलापूरकरांना परकी नाही. 1992 साली इथे सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी देशातल्या आणि परदेशातल्या मोठ्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवते. ज्या गावात मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची मापं पाळून हा भाग तयार होतो, त्याच गावात तो ऑइलवाचून घासून जातो, याची मनापासून हळहळ वाटते.

खाली क्रँकच्या बेअरिंगमध्येही तसंच. तिथे धातू धातूला लागू नये म्हणून ऑइलचा अतिशय पातळ पडदा असतो. ऑइलचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला की तो पडदा तुटायला लागला असं समजावं. त्यानंतरच्या काही सेकंदांवर ‘हाफ इंजिन’ की ‘फुल इंजिन’ हे ठरतं. धूळ हाही मोठा शत्रू. हवेचा फिल्टर फाटला किंवा झटकून झटकून वापरला, तर वाळूचे कण रिंग-पिस्टन घासतात, मग ऑइल वर चढून जळतं आणि सायलेन्सर निळसर धूर मारतो.

सीएनजीबद्दल गैरसमज फार आहेत. गॅसमुळे इंजिन खराब होतं, असं सरसकट म्हणणं चूक. पण गॅस कोरडा जळतो. पेट्रोलचे थेंब व्हॉल्व्हला थोडा थंडावा देतात, तो गॅसकडून मिळत नाही. त्यामुळे व्हॉल्व्ह आणि त्यांच्या सीट हळूहळू झिजतात, विशेषतः बाहेरून किट बसवलेल्या जुन्या गाड्यांत. टॅपेटचं अंतर आणि प्लग वेळेवर तपासले तर हे इंजिन पुष्कळ चालतं. गॅसच्या टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी करायची असते, तीही चुकवू नये.

सगळा दोष मालकाच्या आणि मिस्त्रीच्या माथी मारणं मात्र अन्यायाचं होईल. काही वेळा मूळ रचनेतच खोट असते. अमेरिकेत 1995च्या फोर्ड विंडस्टार मिनीव्हॅनच्या 3.8 लिटर इंजिनांची हेड गॅसकेटं इतकी फुटू लागली की कंपनीला त्यांची वॉरंटी वाढवून द्यावी लागली. टोयोटाची सिएना मिनीव्हॅन तर भरवशाची म्हणून घेतलेली गाडी. 1997 नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या सिएनासह अनेक टोयोटा गाड्यांच्या इंजिनांत ऑइलचा गाळ होऊ लागला. कंपनीचं म्हणणं, मालक वेळेवर ऑइल बदलत नाहीत. मालक म्हणायचे, आम्ही बदललं. अखेर 2002 मध्ये टोयोटाने तीस लाखांहून अधिक गाड्यांसाठी जादा संरक्षण जाहीर केलं. त्या वादाचा काटा एका गोष्टीभोवती फिरत होता: ऑइल बदलल्याच्या पावत्या. ज्याच्याकडे पावती, त्याच्या बोलण्याला वजन.

आपल्याकडे कंपन्या गाड्या परत बोलावतात, तेही मुख्यतः सुरक्षेच्या आणि नियमांच्या मुद्द्यांवर. 2020 मध्ये मारुतीने 40,453 इको गाड्या हेडलॅम्पवर मानकाचं चिन्ह नसल्याच्या शंकेने तपासायला बोलावल्या होत्या. इंजिन लवकर झिजतं, ही तक्रार अशा यादीत सहसा येत नाही. तिथे मालकाला स्वतःच दाद मागावी लागते.

आणि ती मागता येते. ‘आपली गाडी धंद्याची, आपल्याला ग्राहक कोर्ट नाही’ हा समज सोलापुरात पक्का बसलेला आहे, तो सोडून द्यावा. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूची धरली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1995 च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स खटल्यात रिक्षाचंच उदाहरण दिलं होतं: पोटासाठी स्वतः रिक्षा चालवणारा ग्राहक आहे, केवळ दुसऱ्याला चालवायला देणारा नाही. हाच निकष व्हॅनला लागतो. पाच-सहा गाड्या ठेवून ड्रायव्हरवर धंदा करणाऱ्याला हे संरक्षण मिळणं अवघड आहे.

कंपनीचं कार्यालय कुठेही असो, तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे सोलापुरातच, तक्रार करता येते. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. गॅरेजने पैसे घेऊन काम निष्काळजीपणे केलं असेल तर तीही सेवेतली त्रुटीच. मात्र उत्पादनातला दोष सिद्ध करायला तज्ज्ञाचा अहवाल लागतो, आणि बहुतेकांची बाजू इथेच लंगडी पडते. वॉरंटीतली गाडी रागाच्या भरात बाहेरच्या मिस्त्रीकडे उघडली की पुरावा संपला. आधी लेखी तक्रार, जॉब कार्डची प्रत, फोटो, मगच पुढचं पाऊल. सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

व्हॅनमालकांना माझी एक विनंती आहे. पुढच्या वेळी मिस्त्री ‘इंजिन उतरवावं लागेल’ म्हणाला तर होकार देण्याआधी कारण विचारा, आणि ते मोजून दाखवायला सांगा. कॉम्प्रेशन किती आलं, ऑइलचा दाब किती, रेडिएटरला प्रेशर लावून पाहिलं का, पाण्यात जळका गॅस येतोय का. या तपासण्यांना फार वेळ लागत नाही आणि हेड उघडण्याच्या मानाने खर्च किरकोळ आहे. काढलेले भाग परत मागा, बिलावर किलोमीटर आणि तारीख लिहून घ्या, ऑइलच्या पावत्या एका पिशवीत ठेवा. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालणं आजपासून बंद करा. आठवड्यातून एकदा, सकाळी इंजिन थंड असताना, सीट उचलून ऑइलची पट्टी आणि कूलंटची पातळी पाहा.